मत्स्यविनोद : एका उपेक्षित विद्येची कथा



मराठीचा एक निवृत्त अध्यापक स्मृतिव्याख्यानासाठी मासे धरण्याचा विषय निवडतो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वासण्यातील या शाळेत जमलेल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी मासा शिजतही नसेल. तथापि माझा विषय स्वयंपाकघराचा नाही; तो विद्येचा आहे. एखादी विद्या कोणाच्या हातात असते, ती कोण लिहून ठेवतो, आणि जाणणारा व लिहिणारा यांच्यात अंतर पडले म्हणजे काय हरवते, हा माझा प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार करताना जो ग्रंथ मला सर्वाधिक उपयोगी पडला, तो आपल्याच बडोद्यात छापला गेला. त्याच्याकडे वळण्यापूर्वी थोडे दूरचे उदाहरण घेतो.

१

युरोपच्या उत्तरेकडील थंड, वाहत्या नद्यांमध्ये ट्राउट आणि सामन हे दोन मासे आढळतात. त्यांना गळाने धरण्याची तेथे एक खास रीत आहे. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी न लावता, पिसे, लोकर आणि रेशमी धागा यांची गुंडाळी करून एक खोटी माशी बनवितात व ती पाण्यावर अलगद उतरवितात. माशीला वजन नसते, म्हणून ती भिरकावता येत नाही. काठीच्या झोकाने वजनदार दोरी फेकावी लागते आणि दोरीमागून माशी जाते. मासा माशीला भुलतो, पण कोणत्याही माशीला नव्हे. त्या महिन्यात, त्या घटकेला, पाण्यातून जे कीटक वर येत असतील त्यांच्यासारखीच ती दिसली पाहिजे. म्हणून हा खेळ खेळणाऱ्याला आधी नदी वाचावी लागते.

सामनची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्याच जन्मनदीत परततो. वाटेतले धबधबे तो उडी मारून ओलांडतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘सालार’ या लॅटिन शब्दाचा अर्थच उडी मारणारा असा आहे. परतीच्या या प्रवासात तो जवळजवळ काही खात नाही. मग तो खोट्या माशीवर झडप का घालतो? या प्रश्नाचा अंतिम निर्णय आजही झालेला नाही. परंतु तो कोठे आणि केव्हा झडप घालील, हे काठावरच्या जाणत्या माणसाला ठाऊक असते. कारण माहीत नसताना वर्तन माहीत असणे, हा ज्ञानाचा एक प्रकार आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

इ. स. २००च्या सुमारास ईलियन या लेखकाने मासेदोनियातील लोकांचे वर्णन केले आहे. नदीवर घोंघावणारी खरी माशी हात लागताच कोमेजते, तिचा रंग जातो. म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत. पुढे १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाने मासे धरण्यावरचे एक प्रकरण छापले गेले. परंपरेने ते ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर आहे आणि त्यात वर्षातील निरनिराळ्या काळांसाठी बारा माश्या सांगितल्या आहेत. १६५३ साली आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ आला; १६७६च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने त्याला खोट्या माशीच्या विद्येचा भाग जोडला. तेव्हापासून या विषयावर इंग्रजीत इतके लिहिले गेले की, तो खेळ न राहता वाङ्मयाची एक शाखाच होऊन बसला.

हा सारा इतिहास वाचल्यावर आपल्याकडे काय होते, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. उत्तर कल्याणीच्या राजवाड्यात आहे.

२

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सहावा विक्रमादित्य याचा पुत्र तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. शके १०५१च्या, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिन्तामणि’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे येथपासून हत्ती कसा पारखावा, भिंतीवर चित्र कसे काढावे, मासा चिंचेच्या रसात मुरवून कसा तळावा येथपर्यंत राजाच्या जीवनातील प्रत्येक गोष्ट त्यात आली आहे. चौथ्या विंशतीत राजाचे विनोद, म्हणजे करमणुकी सांगितल्या आहेत. मल्लयुद्ध, कोंबड्यांची झुंज, ससाण्याची शिकार यांच्या पंगतीत एक अध्याय आहे : मत्स्यविनोद.

इंग्लंडातील त्या १४९६च्या छापील प्रकरणापेक्षा हा अध्याय साडेतीनशेहून अधिक वर्षे जुना आहे. मात्र ‘आमच्याकडे सर्व आधीच होते’ असा डांगोरा पिटण्यासाठी मी हे सांगत नाही. कोण आधी, या वादात ग्रंथ वाचायचाच राहून जातो. अध्यायात आहे काय, ते पाहू.

सोमेश्वर सुमारे पस्तीस प्रकारचे मासे सांगतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, नुसत्या कातडीचे कोणते. मोठे, मध्यम आणि लहान कोणते, असे त्यांचे वर्गही पाडतो. मग चाऱ्याचा विषय येतो. तिळाची पेंड, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शिजविलेला भात यांचे गोळे कोणास द्यावेत आणि मांसाहारी माशांना मांसाचे तुकडे कसे घालावेत, हे तो बारकाईने सांगतो. माशांना आधी ठरावीक जागी खाऊ घालून सवय लावावयाची आणि मगच गळ टाकावयाचा, अशी ही रीत आहे. काठी, दोरी, गळ आणि आमिष यांचे वर्णन ओघाने येते.

येथे पिसांची माशी नाही, हे उघड आहे. उत्तरेकडचा मासेमार माशाच्या अन्नाचे सोंग आणतो. सोमेश्वर माशाला खरेच जेवू घालतो. परंतु दोघांचा आरंभ एकाच ठिकाणी होतो : हा मासा काय खातो, कोठे राहतो, केव्हा वर येतो? राजाला मासा हवा असता तर जाळे टाकून टोपलीभर मासे आणणारे सेवक त्याच्यापाशी होतेच. तरीही त्याने स्वतः काठी धरून पाण्याकडे पाहत बसण्याला ‘विनोद’ म्हटले आणि त्यासाठी शास्त्र रचले. पाहण्याला त्याने दिलेला हा मान आहे.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला खुणावते. रोहित, पाठीन अशी संस्कृत कोशांना परिचित नावे या यादीत आहेत. परंतु बरीचशी नावे संस्कृत वाटत नाहीत. ती देशी शब्दांना संस्कृतचा अंगरखा चढवून उभी केलेली दिसतात. राजा संस्कृत पंडितांकडून व्याकरण शिकला असेल, पण ही नावे त्याला पंडितांनी दिली नसणार. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांना कोणीतरी जाऊन विचारले असले पाहिजे. शंभर अध्यायांच्या त्या राजग्रंथात त्या माणसांचा आवाज केवळ या नावांच्या रूपाने उरला आहे.

३

आता बडोद्याकडे येऊ. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली ‘गायकवाड ओरिएंटल सीरिज’चा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, प्रसिद्ध झाला. याच मालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेल्या मानसोल्लासाचा पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली निघाला. पहिल्या आणि शेवटच्या खंडात छत्तीस वर्षांचे अंतर आहे. मत्स्यविनोद दुसऱ्या खंडात आहे. सयाजीराव महाराज १९३९च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्याच वर्षी हा अध्याय छापील रूपात जगापुढे आला.

महाराजांना माशांविषयी केवळ ग्रंथापुरते कुतूहल होते असे नाही. ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात होते. तेथील सागरी जीवसृष्टीची पाहणी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून संस्थानाने तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध करविला होता. एका बाजूने जुने शास्त्र छापावे आणि दुसऱ्या बाजूने नवे शास्त्र समुद्रावर पाठवावे, ही त्या राज्यकर्त्याची दृष्टी होती.

छापील मत्स्यविनोदाचे मोल प्रथम कोणी ओळखले? संस्कृतच्या अथवा मराठीच्या प्राध्यापकाने नव्हे. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक सुंदरलाल होरा हे मत्स्यशास्त्रज्ञ. त्यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर निबंध लिहिला आणि त्यातील माशांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला.

मराठीच्या अभ्यासकांना मानसोल्लास अनोळखी होता असे मात्र कोणी समजू नये. त्याच चौथ्या विंशतीत, मत्स्यविनोदापासून थोड्याच अंतरावर गीतविनोद आहे. त्यात निरनिराळ्या देशभाषांतील गीतांचे नमुने आहेत आणि मराठीचाही एक नमुना आहे. मराठी पद्यरचनेच्या अगदी आरंभीच्या अवशेषांत त्याची गणना होते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत तो वर्षानुवर्षे शिकविला गेला. मीही शिकविला आहे. त्या ओळी दशावतारांच्या आहेत, आणि त्यांचा आरंभ होतो तो रसातळातून वेद वर आणणाऱ्या मत्स्यरूपाने. आपल्या भाषेच्या पहिल्यावहिल्या पद्यात मासा आहे, तो देवरूपाने. आमच्या वाङ्मयेतिहासांनी हा देवमत्स्य गौरवाने उतरवून घेतला आणि शेजारच्या अध्यायातील पस्तीस खरे मासे सोडून दिले.

हा योगायोग नव्हे. आमच्या साहित्यात मासा पुष्कळ आहे, पण तो बहुधा उपमा म्हणून येतो. पाण्यावेगळी मासोळी तळमळते, तसा भक्त देवावाचून तळमळतो, ही प्रतिमा आम्हांला इतकी प्रिय झाली की, ती मासोळी कोणत्या जातीची, कोणत्या डोहातली, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. संतांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे प्रयोजन निराळे होते. परंतु कोशकारांचे आणि इतिहासकारांचे प्रयोजन तरी नावे गोळा करण्याचेच होते. मोल्सवर्थच्या कोशापासून पुढे अनेक माशांच्या नावांसमोर ‘एक प्रकारचा मासा’ एवढाच अर्थ भेटतो.

४

हे काम अखेर एका परदेशी लष्करी अधिकाऱ्याने केले. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करीत फिरत होता. भीमा आणि तिच्या परिसरातील नद्यांचे मासे त्याने काठावरच्या मासेमारांकडून मिळविले आणि त्यांची वर्णने पुढे लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यांवरचा त्याचा निबंध १८३९ या सालाने ओळखला जातो. नव्या जातींना नावे देताना त्याने अनेकदा मराठी नावेच लॅटिनच्या दावणीला बांधली. खुद्री, कोळस, पोटेल, बोगट, शिंगटी, नुक्ता ही नावे आजही जगातील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत जातिवाचक म्हणून वापरली जातात. भीमेच्या काठच्या भोयाचा शब्द टोकियोच्या प्रयोगशाळेत उच्चारला जातो, आणि पुण्यातल्या शाळेत तो कोणाला ठाऊक नसतो.

यात एक अडचण आहे. साइक्सने नावे रोमन लिपीत लिहिली. त्या लिपीत द आणि ड, ट आणि त सारखेच दिसतात. म्हणून मी आता जे उच्चार केले ते अंदाजाचे आहेत. बोगट की भोगट? खुद्री की खुडरी? याचा निर्णय ग्रंथालयात होणार नाही. तो भीमेवर, कृष्णेवर, नीरेवर, ज्यांच्या घरात हे शब्द टिकले असतील अशा माणसांसमोर बसून करावा लागेल.

‘खुद्री’ हा दख्खनचा महासीर. इंग्रज शिकाऱ्यांना हिंदुस्थानात सामनची आठवण झाली ती महासीरमुळे. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, आकाराच्या मानाने महासीर सामनपेक्षा अधिक झुंज देतो, असा कौल दिला. तरीही घरच्या माशाची ओढ सुटली नाही. ब्रिटनहून ट्राउटची अंडी काश्मीरला आणविण्यात आली. १८९९ सालची पहिली पाठवण वाटेतच नासली. १९०० सालची दुसरी पोहोचली आणि तेथल्या थंड पाण्यात ट्राउट रुजला. लोक आपल्या भाषेप्रमाणे आपला मासाही बरोबर नेतात, असे म्हणावेसे वाटते.

५

आता कोणी विचारील की, नावे हरविली तर बिघडले काय? मासा तर पाण्यात आहेच. याचे उत्तर कावेरी नदीने दिले आहे.

महासीर कमी होत चालला हे लक्षात आल्यावर लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपन्यांनी १९७०च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांचे हे काम मोलाचे होते. तेथील मत्स्यबीज देशाच्या अनेक भागांत गेले, आणि कावेरीतही निळसर परांचा हा महासीर सोडला गेला. परंतु कावेरीत आधीपासून एक निराळा महासीर होता : पाठीवर उंचवटा, पर नारिंगी आणि आकार प्रचंड. दोघांनाही लोक ‘महासीर’च म्हणत होते. नवा मासा वाढत गेला, जुना दिसेनासा झाला. २०१८ साली संशोधकांनी त्या जुन्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित केली, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त जातींत करावी लागली. नाव पक्के होण्याआधीच मासा संपण्याच्या वाटेला लागला होता. हेतू सर्वांचे चांगले होते. एका ढोबळ नावाखाली दोन प्राणी झाकले गेले होते.

आपल्या जवळचे उदाहरण नर्मदेचे आहे. समुद्रातून नदीत चढणारा मासा पाहण्यासाठी स्कॉटलंडला जावयास नको. भरूचपर्यंत गेले तरी पुरे. पावसाळ्यात नर्मदेला पूर येतो तेव्हा हिलसा समुद्रातून वर चढतो. मराठीत त्याला पाला म्हणतात, सिंधीत पल्लो. गुजरातीत मादीला मोदार आणि नराला पालवा अशी निराळी नावे आहेत. ज्या लोकांचे वर्षाचे पोट या माशावर चालते, त्यांनाच असा भेद करण्याची गरज पडते. वर धरणे झाली, मुखाशी येणारे गोडे पाणी घटले, आणि २०२०च्या सुमारास भाडभूत येथे बंधाऱ्याचे काम हाती घेण्यात आले. बंधाऱ्याचे लाभ असतील. खारे पाणी अडेल, गोडे साठेल. पण मासा वर कसा चढेल, हा तेथल्या मासेमारांचा प्रश्नही तितकाच शास्त्रीय आहे. तो त्यांच्या बोलीत विचारला गेला म्हणून त्याची शास्त्रीयता कमी होत नाही.

६

आपल्या परंपरेने माशाला केवळ धरलेच असे नाही, राखलेही आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरविले आहेत आणि ठरावीक तिथींना कोणताही मासा मारू वा विकू नये अशी आज्ञा आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी गळ लावीत नाही, उलट खाऊ घालतात. त्या डोहात महासीर टिकला तो या श्रद्धेमुळे. सोमेश्वराची तिळाची पेंड आणि वाळणकोंडच्या भाविकाचे मूठभर कुरमुरे यांत हेतूचे अंतर आहे, पण माशाला वेळेवर चारा घालून काठाशी बोलावण्याची रीत एकच आहे.

श्रद्धा, राजाज्ञा आणि शास्त्र या तिन्ही वाटांनी माशाकडे जाता येते. तिन्ही वाटांवर वाटाड्या मात्र एकच असतो, आणि तो म्हणजे पाण्यात उभा असलेला मनुष्य. कोकणात गळ टाकून मासे धरण्याला ‘गरवणे’ असे सुंदर क्रियापद आहे. ते प्रमाण मराठीच्या पुस्तकांत क्वचितच भेटते. असे शब्द गेले म्हणजे त्यांच्याबरोबर पाहण्याची एक रीत जाते, आणि ती पुन्हा उभी करावयाला मग प्रयोगशाळा आणि परदेशी नियतकालिके लागतात.

म्हणून या शाळेपुढे मी एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या शाळेत मराठी आणि गुजराती दोन्ही बोलणारी मुले आहेत. काहींचे आजोळ कोकणात, काहींचे खानदेशात, काहींचे भरूच आणि सुरतेकडे असेल. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. सुटीहून परतलेल्या मुलाने तीत माशाचे एक नाव लिहावे. देवनागरीत लिहावे, म्हणजे द आणि ड यांचा घोटाळा होणार नाही. नदी कोणती, महिना कोणता, मासा केवढा आणि तो काय खातो असे सांगणारा म्हणाला, हे लिहावे. शेवटच्या रकान्यात सांगणाऱ्याचे पूर्ण नाव लिहावे, त्याची परवानगी घेऊन. सोमेश्वराने पस्तीस मासे लिहिले, साइक्सने आणखी कितीतरी लिहिले. ती नावे ज्यांनी सांगितली त्यांपैकी एकाचेही नाव या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आलेले नाही. तो रकाना आपण भरावा.